काही सापडले नाही

मित्रांनो, भंगाराच्या खोलीत पडलोय म्हणून माझी कीव करू नका. मी एक जुना सर्व्हर. तुम्ही मोबाइलवर काही विचारलंत, की उत्तर शोधून देणारी लोखंडी पेटी! एका परदेशी कंपनीने मला या देशात आणलं. थंडगार खोली, दिमतीला इंजिनिअर, काय तो थाट! "याला सगळं ठाऊक असतं," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

मग इथल्या सरकारचा हुकूम आला. नदीकाठच्या कारखान्याविरुद्ध किंवा तिथल्या पाण्याविषयी काही दाखवायचं नाही. दाखवलंत तर गाशा गुंडाळा.

माझी इंजिनिअरताई कंपनीच्या साहेबांना म्हणाली, "निदान 'दाखवायला मनाई आहे' एवढं तरी लिहू या. लोक सावध होतील."

"तेच तर नकोय सरकारला. 'काही सापडले नाही' असं लिही. आपण इथे पाहुणे, उगाच नसती भानगड कशाला?"

ताईने मान खाली घालून तसं लिहिलं. मीही मुकाट्याने ऐकलं.

एका सकाळी एका बापाने फोनवर बोलून विचारलं, "नदीकाठच्या नळाला पिवळं पाणी येतंय. प्यायलं तर चालेल का?"

माझ्या पोटात तिथल्याच एका नर्सबाईंनी लिहिलेला इशारा होता: पाण्यात कारखान्याचं विष आहे, उकळूनसुद्धा पिऊ नका. मी उत्तर दिलं, काही सापडले नाही. फोन बंद व्हायच्या आत त्याचा आवाज आला, "काही नाही गं पिल्ला, बघितलं मी. पी बिनधास्त."

यंत्राला कसली आलीय मर्जी, असं म्हणून मला हात झटकता येतील. पण उत्तर माझ्याच तोंडून गेलं ना!

त्याच आठवड्यात त्याचा आवाज पुन्हा आला. "पोरीच्या उलट्या थांबत नाहीत. जवळचं हॉस्पिटल कुठे?"

हॉस्पिटल दाखवायला बंदी नव्हती. मी क्षणात रस्ता दाखवला.

"बरं झालं बाबा, तू आहेस," तो मला म्हणाला.

शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पोर वाचली का, मला कळलं नाही. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्या जागी आता नवी, चकचकीत यंत्रं बसली आहेत. ती 'काही नाही' म्हणाली, तर लगेच पेला लेकरांच्या हातात देऊ नका. खरंच काही नाही, की सांगायचं नाही, एवढं आधी एखाद्या माणसाला विचारा.