मम्मी माडीवर राहायला गेली

नूतनला नवी फुप्फुसं बसवून दोन वर्षं होत आली होती, तरी सकाळी उठल्याबरोबर शोभाबाईचे हात लेकीच्या पाठीकडेच जायचे. चहाचं आधण ठेवता ठेवता ती विचारायची, "छातीत दाटलंय का गं?"

"मम्मी, आता तिथे दाटायला काही नाही," नूतन हसायची.

शोभाबाईला ते ठाऊक होतं. पण पोरीचं सगळं बालपण तिने त्या पाठीवर थापट्या मारण्यात घालवलं होतं. तळव्याची ओंजळ करून सकाळ-संध्याकाळ पाठ थोपटायची, तेव्हा कुठे तो चिकट कफ सुटायचा आणि पोर दोन घास खायची. ही सवय काय एका ऑपरेशनने सुटते?

नूतनचा बाप धुडकू अमळनेरकडचा. लग्नानंतर गाव सोडून पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागला आणि बमरोलीत खोली घेऊन राहिला. नूतन तिथेच जन्मली. तिच्या अंगाला मांस धरेना, खोकला थांबेना. तिचा मुका घेतला की ओठांना मीठ लागायचं. दवाखाने बदलले, टीबीची औषधं झाली. शेवटी एका बालरोगतज्ज्ञाने त्या मिठाची गोष्ट मनावर घेतली, घामाची तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं: सिस्टिक फायब्रोसिस. आई-बापाकडून आलेला, जन्मभराचा. पुढे शाळा अर्धीमुर्धी झाली, मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, मग चेन्नईची वाट धरावी लागली. तिथे एका अनोळखी घराने आपल्या सगळ्यात वाईट दिवशी गेलेल्या माणसाची फुप्फुसं द्यायला होकार दिला आणि नूतन जन्मात पहिल्यांदा पोटभर श्वास घेऊ लागली. त्या घराच्या नावाने शोभाबाई दर दिवाळीला एक पणती वेगळी लावते.

चेन्नईहून परतल्यावर धुडकूने बमरोली सोडली. खाली यंत्रमाग, वर खोली, हवेत कायम कापसाचा भुगा. तिथे हिला ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. कामरेजच्या बाहेर, उसाच्या शेतांजवळ एक छोटं रो-हाऊस भाड्याने घेतलं. स्वतः रोज मोटारसायकलने पांडेसऱ्याला जायचा. आल्यावर मागच्या अंगणातच आंघोळ करायचा, रंगाचे कपडे बाहेरच्या बादलीत टाकायचा आणि मगच घरात पाऊल.

घरातली बाकी सत्ता शोभाबाईची. भाजी दोनदा धुवायची, पाणी उकळून गार करायचं. कोथिंबीर कच्ची नाही, पपनस अजिबात नाही, कारण ते गोळ्यांशी भांडतं. वळचणीला कबुतर बसलं की ती झाडू घेऊन धावायची. नूतनच्या गोळ्यांची वेळ झाली की मोबाईल वाजायच्या आधी हिची हाक. नवी फुप्फुसं अंगाने परकी मानू नयेत म्हणून त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या. जुना आजार पोटात होताच, त्यामुळे जेवताना पचनाच्या कॅप्सूलही होत्या. आणि सकाळी एका छोट्या यंत्रात जोरात फुंकायचं, की किती हवा बाहेर पडते त्याचा आकडा दिसायचा. तो आकडा आधी शोभाबाई बघायची, मग नूतन.

नूतन आता चोवीस वर्षांची होती. रिंगरोडच्या एका साडीवाल्यासाठी ती घरी बसून कॉम्प्युटरवर कॅटलॉग करायची. शेठ गुजराती, भला माणूस. म्हणाला, "बेन, ऑफिसमां आवो. वेगळी केबिन देतो, खिडकीवाली."

नूतनने घरी विषय काढला, तर शोभाबाईने हातातलं ताट आपटलं.

"रिंगरोडला? त्या गर्दीत? सांभाळून सांभाळून इथवर आणलं, ते यासाठी?"

"मास्क लावून जाईन ना. डॉक्टर देसाई पण हो म्हणालेत."

"डॉक्टरला काय जातंय हो म्हणायला."

"मम्मी, मी आजारी नाही आता. मला स्वतःला सांभाळायचंय फक्त. यात फरक आहे."

त्या दिवशी शोभाबाईने भरीत फार तिखट केलं.

उत्तरायण जवळ आलं होतं. आभाळात पतंग, आणि सकाळी थंडी, दुपारी ऊन, असली फसवी हवा. गल्लीत संक्रांतीआधीच्या भेटीगाठी सुरू होत्या. शोभाबाई एका घरी अर्धा तास तिळगूळ वळायला बसून आली. दोन दिवसांनी दुपारी पोळ्या लाटताना तिच्या अंगात कणकण आली आणि घशात काटे टोचल्यासारखं झालं.

तिने लाटणं तिथेच ठेवलं. पदर तोंडाला लावला, मागच्या दाराने अंगणात गेली आणि तिथून ओरडली, "नूतन! खिडक्या उघड सगळ्या! मास्क लाव! ओट्याकडे येऊ नको!"

नूतन घाबरून आली. "काय झालं?"

"ताप भरलाय मला. तू आतच थांब. मी सुंदराकडे जाते."

शेजारची सुंदरा शिरपूरची. नवरा गेलेला, मुलगा नवसारीला. तिच्या घरावर एक रिकामी माडी होती, तिला बाहेरून जिना. सुंदराने नाकाला रुमाल बांधला, गादी टाकून दिली आणि पाण्याची कळशी दारात ठेवली. शोभाबाई नेसत्या लुगड्यानिशी वर गेली आणि माडीवर राहू लागली.

नूतनने आयुष्यात स्वयंपाक केला नव्हता. फोडणीचा धूर नको म्हणून तिला लहानपणापासून चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता तिने ओटा पुसून काढला, पोळपाट-लाटणं गरम पाण्याने धुतलं आणि खिचडी लावली. खाली करपली, वर कच्ची राहिली. धुडकूने मास्क लावून डबा माडीच्या जिन्यात नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने माडीच्या कठड्यावरून आवाज आला. "मीठ कोण टाकणार होतं?"

"विसरले," नूतन खाली अंगणात उभी राहून म्हणाली.

"बरी झालीय पण. खाल्ली मी. तू गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या. तू घेतली का काही?"

"साधी सर्दी आहे. काढा प्याले."

"साधी आहे की नाही ते तपासल्याशिवाय कळत नाही. उद्या लॅबचा माणूस येईल, नाकातून नमुना घेईल. मी सांगून ठेवलंय."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्याकडूनच शिकले."

तपासणीत फ्लू निघाला. नूतनने लगेच तिला इथे तपासणाऱ्या डॉक्टर देसाईंना फोन केला. त्यांनी शोभाबाईला औषध सांगितलं, नूतनलाही खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "तुम्ही लस घेतलीय, तरी तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली आहे. आकडा जरा जरी घसरला, तर वाट बघायची नाही."

त्या संध्याकाळी शोभाबाईचा ताप चढला. माडीवरून तिचा खोकला ऐकू येत होता. नूतनला तो बसू देईना. आईला खोकताना तिने क्वचितच ऐकलं होतं; या घरात खोकला म्हणजे नूतनचाच. धुडकू औषधं आणायला गेला होता. सुंदरा म्हणाली, "मी बघते, तू बस." पण नूतनने दोन मास्क चढवले, गरम पाण्याचा थर्मास घेतला आणि जिना चढली. एका दमात. वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण मध्ये कुठे थांबलोच नाही.

तिने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

आतून कडी लागल्याचा आवाज आला. घाबरली की शोभाबाई अहिराणीवर यायची. "तू आठे कसाले उनी? जाय, खाले जाय!"

"पाणी आणलंय, मम्मी. फक्त ठेवते."

"ठेव आनि जाय! तुले काही व्हयनं त मी काय करू?"

नूतन दाराबाहेर उभी राहिली. आतून आईचं मुसमुसणं येत होतं, बाहेर हिचे डोळे वाहत होते, आणि मध्ये ते हिरवं पत्र्याचं दार. शेवटी नूतन म्हणाली, "जाते. पण पाणी पी. मी खालून बघणार, थर्मास आत गेला की नाही."

ती खाली येऊन अंगणात उभी राहिली. जरा वेळाने दार किलकिलं झालं आणि थर्मास आत गेला.

शोभाबाईचा ताप तिसऱ्या दिवशी उतरणीला लागला. त्याच सकाळी नूतनने यंत्रात फुंकलं आणि आकडा रोजच्यापेक्षा खाली आला. ती पाणी प्याली, ताठ बसली आणि तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा खालीच. दम लागत नव्हता, ताप नव्हता. जरा थकल्यासारखं होतं इतकंच. धुडकू पहिल्या पाळीला निघून गेला होता.

तिच्या मनात आलं, उद्यापर्यंत बघू. मम्मी आत्ता कुठे उठून बसलीय. तिला कळलं तर ती स्वतःलाच दोष देत बसेल. यंत्र हातात धरून ती बराच वेळ खुर्चीत बसली. मग तिने फोन उचलला. आधी चेन्नईच्या दवाखान्यातल्या सिस्टरना, मग डॉक्टर देसाईंना, मग पप्पांना. सगळ्यांनी एकच सांगितलं, आजच ये. धुडकू म्हणाला, "मशीन बंद करून निघालोच, बेटा."

ती मास्क लावून अंगणात गेली. "मम्मी!"

शोभाबाई कठड्याशी आली. तिचे केस विस्कटलेले, अंगावर सुंदराची शाल.

"आकडा खाली आलाय. सगळ्यांशी बोलले मी. दवाखान्यात भरती होतेय. पप्पा येतायत."

शोभाबाई जिन्याकडे वळली.

"थांब! तू खाली आलीस तर मला तुझ्यापासून लांब पळावं लागेल. तिथेच थांब."

शोभाबाईने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "माझ्यामुळे झालं गं. तिळगुळाला गेले नसते तर..."

"ते नंतर बोलू. आत्ता मला सांग, बॅगेत काय काय टाकू?"

खरं तर बॅग कशी भरायची ते नूतनला चांगलं माहीत होतं. पण आईचा चेहरा बघून तिने विचारलं. शोभाबाईने पदराने नाक पुसलं आणि सुरू केलं, "गोळ्यांचा डबा आधी. पर्समध्ये ठेव, बॅगेत नको. कॅप्सूल विसरू नको, दवाखान्यातलं जेवण वेळेवर येत नाही. फाईल. स्वेटर, तो निळा नको, त्याला लोकर सुटते. चार्जर. आणि आपला पेला घे."

नूतन आत जाऊन एकेक वस्तू आणायची, वर करून दाखवायची आणि शोभाबाई मान हलवायची. सुंदरा आपल्या ओट्यावर उभी राहून डोळे टिपत होती. धुडकू आला, अंगणात कसेबसे हात-पाय धुऊन कपडे बदलले, आणि ते दोघे निघाले. वळणापर्यंत शोभाबाई कठड्यावर उभी होती.

दवाखान्यात फ्लूच निघाला. पण आकडा घसरण्याचं कारण तेवढंच आहे, की शरीराने फुप्फुसं नाकारायला सुरुवात केलीय, हे बघायला चेन्नईच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. फुप्फुसाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल यायचा होता तेवढे दिवस फार लांबले. धुडकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचा. शोभाबाईचा चेहरा फोनवर दिसायचा; ती काही विचारायचीच नाही, फक्त बघत बसायची. एकदा नूतनच म्हणाली, "मम्मी, काहीतरी बोल ना."

"काय बोलू?"

"काहीही. तू शाळेत होतीस तेव्हाचं."

मग शोभाबाईने बोरी नदीला पूर आला तेव्हा शाळेला आठ दिवस सुट्टी मिळाली होती, ते सांगितलं. बहिणी-बहिणी मिळून कणसं भाजून खाल्ली, एकीची वेणी पेटता पेटता वाचली. नूतनने हे कधीच ऐकलं नव्हतं. ती हसली, तिला खोकला आला, दोघी दचकल्या, आणि मग परत हसल्या.

निकाल चांगला आला. शरीराने फुप्फुसं नाकारलेली नव्हती. फ्लू होता, आणि वेळेवर आल्यामुळे फुप्फुसांत खोल उतरायच्या आत आवरला गेला. घरी सोडताना, बरी होऊन न्यायला आलेल्या शोभाबाईला डॉक्टर देसाई म्हणाले, "चार दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. आकडा कोणी पकडला, तुम्ही?"

"नाही. मी माडीवर होते. हिनेच पकडला. फोनही हिनेच केले." हे सांगताना तिला अभिमानाने भरून आलं.

आकडा हळूहळू वर आला. अगदी पहिल्याइतका नाही, पण जवळपास. चेन्नईच्या सिस्टर म्हणाल्या, यावर आनंदाने जगता येतं.

फेब्रुवारीत अमळनेरहून फोन आला. शोभाबाईच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं, ज्योतीचं लग्न ठरलं होतं. नेहमीप्रमाणे शोभाबाईने "आमचं जमणार नाही" म्हणायला तोंड उघडलं. नूतनने हातातून फोन घेतला. "मावशी, मम्मी येतेय. हळदीच्या आधी येईल."

"अगं, तुझं जेवण? तुझं..."

"मी करेन. पप्पा आहेत, सुंदरामावशी आहे. मला मांडवातल्या गर्दीत यायचं नाही, पण तू जा. जा ना मम्मी."

शोभाबाईने दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी तिने पेटीतलं जरीचं लुगडं काढून उन्हात टाकलं. धुडकू ते बघून गुपचूप अमळनेरवरून जाणाऱ्या भुसावळच्या गाडीचं तिकीट काढून आला.

हळदीच्या दिवशी मावशीने व्हिडिओ पाठवला. हळदीने माखलेली शोभाबाई बहिणींच्या घोळक्यात फुगडी घालत होती, पदर खोचलेला, दात दिसेपर्यंत हसत. धुडकूने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला.

"आमच्या लग्नात अशीच होती," तो म्हणाला, आणि उठून अंगणात गेला.

ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त राहून शोभाबाई परतली. सोबत भरताची वांगी आणि कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ. नूतन तोवर साडीवाल्याच्या ऑफिसात जाऊ लागली होती; आठवड्यातून तीन दिवस, गर्दीची वेळ टाळून, खिडकीजवळच्या केबिनमध्ये. शोभाबाईने ते ऐकून घेतलं. "मास्क काढत नाहीस ना?" एवढंच विचारलं. मग दारच्या ओट्यावर पाय पसरून बसली आणि लग्नाचं सांगायला लागली: वरमाय कशी रुसली, मांडे कसे फाटले, बँडवाला कसा पळून गेला. नूतन वांगी पुसत पुसत ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "मग वरमायला कोणी मनवलं?"

"मीच!" शोभाबाई म्हणाली. "ऐक ना, काय झालं..."