सांत्वनाच्या टोपलीतलं पत्र

बायको मॅव्हिस गेल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत हार्लन एस्पलिंगने एका मुलीची मुलाखत घेतली आणि त्या तासाभरात तिला दहा वाक्यंही धड बोलू दिली नाहीत.

मुलाखत ऑल्डरब्रुक कॉलेजसाठी होती. कॉलेज खाली मॅसॅच्युसेट्समध्ये, गाडीने आठ तासांवर. शंभर मुलांनी अर्ज केला तर नऊ-दहा जणांना घेतात. अर्ज केलेल्या मुलाला त्याच्याच भागातला एखादा जुना विद्यार्थी भेटतो, तासभर बोलतो आणि कॉलेजला अहवाल पाठवतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या उत्तर टोकाला, बटाट्याच्या मुलखात, ऑल्डरब्रुकला जाऊन परत आलेला माणूस एकच होता, तो म्हणजे हार्लन. वडिलांचं दुकान सांभाळायला तो परत आला, काढणीच्या यंत्रांचे सुटे भाग विकत राहिला आणि तीस वर्षं मुलाखती घेत राहिला.

पूर्वी मुलं घरी यायची. मॅव्हिस बटाट्याचे डोनट तळायची. पुढे कॉलेजने नियम केला की मुलांना घरी बोलवायचं नाही. मग मुलाखती गावच्या वाचनालयात व्हायला लागल्या. मॅव्हिस तिथेही यायची. विणकामाचं मासिक उघडून पलीकडच्या टेबलावर बसायची आणि तासभर एकच पान वाचायची. गाडीत बसल्याबरोबर तिचं तोंड सुरू व्हायचं.

"तीनदा तोडलंस तू त्या पोराला."

"मी? अगं, मी त्याला मोकळं करत होतो."

"तूच मोकळा होत होतास. तो आजोबांच्या मधमाश्यांचं सांगायला लागला, तर तू तुझ्या वसतिगृहात जाऊन पोचलास. उद्या फोन कर आणि मधमाश्यांचं विचार."

हार्लन कुरकुर करायचा, पण फोन करायचा. अहवाल त्याच्या नावाने जायचा, कान मात्र मॅव्हिसचे असायचे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजकडून नाव आलं, कोरीन मिशो. नाही म्हणता आलं असतं. पण घरात बसून करायचं काय, म्हणून तो हो म्हणाला.

कोरीन त्याच्या आधीच येऊन बसली होती. सतरा वर्षांची, अंगात बापाचा मोठा कोट, हातात दुमडलेला एक कागद. तिने उठून हात मिळवला आणि ती म्हणाली, "मिसेस एस्पलिंगचं ऐकलं. फार वाईट वाटलं. शाळेत त्या आम्हाला शिवण शिकवायला यायच्या. माझं बटणाचं काज त्यांनी चार वेळा उसवलं होतं."

"चारच वेळा?" हार्लन म्हणाला. "म्हणजे तू तिची लाडकी असणार."

मुलगी हसली, आणि तेवढं पुरलं. तो बोलत सुटला. मॅव्हिसला आधी नुसता खोकला कसा होता, बँगोरच्या दवाखान्यात जाताना बर्फात गाडी कशी अडकली, शेवटच्या आठवड्यात तिला कशाचीच चव कशी लागत नव्हती. महिनाभरात कोणाजवळ एवढं बोलला नव्हता. मुलगी "हो", "मग?" म्हणत राहिली. कागद तिने एकदा उघडला आणि परत दुमडला. हार्लनला ते दिसलं होतं. पुढे ते त्याला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

घड्याळात तास भरला तेव्हा त्याने विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

"नाही," ती म्हणाली. "ठीक आहे."

अहवालाची मुदत एक फेब्रुवारी. शेवटच्या दिवशी तो संगणकापुढे बसला तेव्हा लिहायला जवळ काहीच नव्हतं. त्याने लिहिलं, "शांत, नम्र मुलगी. स्वतःबद्दल फारसं बोलत नाही. कॉलेजविषयी तिला प्रश्न नव्हते." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

मार्चच्या अखेरीला एका मंगळवारी मॅव्हिसची बहीण इनेझ आली. तिने फ्रिजवरची वेताची टोपली खाली काढून टेबलावर ठेवली. मॅव्हिस गेल्यापासून टपालाने आलेलं प्रत्येक हाताने लिहिलेलं पाकीट हार्लनने न उघडता त्या टोपलीत टाकलं होतं. दुःखात सहभागी आहोत, देव तुम्हाला बळ देवो. एवढं वाचायचं बळही त्याच्यात नव्हतं.

"साडेतीन महिने झाले, हार्लन," इनेझ म्हणाली. "लोकांना उलट चार ओळी लिहायला नकोत? माझ्या बहिणीने उभ्या जन्मात कुणाचं पत्र उत्तराशिवाय ठेवलं नाही."

"तू वाच. मी सह्या करतो."

"सह्या करतो म्हणे. गव्हर्नर लागून गेलास!"

ती एकेक उघडून वाचत गेली आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. बर्फाच्या ढिगांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. अर्धी टोपली झाल्यावर इनेझ थांबली.

"हे सांत्वनाचं नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या मुलाखतीचं आहे."

पाकीट फिकट पिवळं, इतरांसारखंच. मुलाखतीनंतर मुलं आभाराचं पत्र पाठवतात ही रीत तीस वर्षं त्याच्या अंगवळणी होती. या वर्षी पत्र आलं नाही हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पत्रावर सतरा जानेवारी अशी तारीख होती. कोरीनने लिहिलं होतं:

"मिसेस एस्पलिंगबद्दल मला सांगितलंत, त्यासाठी आभार. माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली. अहवालात जागा असेल तर लिहाल का? काढणीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत मी चार वर्षं एकाच शेतावर यंत्रावर उभी राहते, सरकत्या पट्ट्यावरून बटाट्यांतले दगड वेचायला. दर वर्षी वेचून काढले तरी थंडी जमिनीतून नवे दगड वर ढकलते. पण सगळीकडे सारखे नाही. मी प्रत्येक ओळीतले दगड मोजले आणि शेताचा नकाशा केला. मुलाखतीत माझ्या हातात होता तो हाच, सोबत जोडला आहे. मागच्या वर्षी मालकांनी तो बघून ओळींची दिशा बदलली आणि यंत्राचा पट्टा एकदाही तुटला नाही. हे असं का होतं ते मला ऑल्डरब्रुकला शिकायचंय. शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून अर्जातला निबंध मी आजीवर लिहिला, त्यामुळे हे कुठेच आलेलं नाही."

हार्लनने पत्र दोनदा वाचलं. तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी नवे पट्टे त्याने जन्मभर विकले होते. दगड कुठे निघतात ते कुणी मोजून ठेवल्याचं मात्र ऐकलं नव्हतं.

"निकाल कधी?" इनेझने विचारलं.

"शुक्रवारी. संध्याकाळी सातला."

"मग बसलायस काय? फोन लाव."

कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई सौम्य होत्या. "सर, समितीचं काम मागच्या आठवड्यातच संपलं. पत्र पाठवा, आम्ही तिच्या फाईलला लावू."

"फाईलला लावून काय होईल?"

"काही नाही, सर. पण लावू."

"त्या पोरीला जाऊन सांग," इनेझ म्हणाली.

"निकाल लागू दे. मिळेलही तिला कदाचित."

"तिच्यासाठी थांबतोयस की स्वतःसाठी?"

इनेझने कोट घातला आणि उरलेली पाकिटं तशीच ठेवून ती गेली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. दिवसातून दहा वेळा तो मनाशी म्हणायचा, गुण चांगले असतील, शिक्षकांनी लिहिलं असेल, एका अहवालाने असं काय होतं? आणि दहाही वेळा त्याला स्वतःच्याच तीन ओळी आठवायच्या. शुक्रवारी पावणेसातला तो स्वयंपाकघरात फोनजवळ बसला. ज्यांना प्रवेश मिळायचा ती पोरं सव्वासातच्या आत फोन करायची, ओरडतच. मॅव्हिस हातातलं फडकं तसंच धरून उभी असायची. ज्यांना मिळायचा नाही त्यांचा फोन कधीच यायचा नाही.

आठ वाजले तरी फोन वाजला नाही.

कोरीन शनिवारी सकाळी चौकातल्या खाणावळीत वाढायला असते हे इनेझने विचारून काढलं होतं. हार्लन जाऊन बसला. मुलगी कॉफीचं भांडं घेऊन आली. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले.

"त्यांनी नाही म्हटलं, मिस्टर एस्पलिंग. मी फोन करणार होते, पण..."

"असू दे." त्याने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे मी मंगळवारी उघडलं. या मंगळवारी. मला वाटलं सांत्वनाचं आहे. टोपलीत पडून होतं."

ती पाकिटाकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही हे वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं वाचलंत, आणि तुम्हाला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलं नाही. दोन महिने मला हेच वाटत होतं."

"मी लिहिलं, मुलगी बोलत नाही."

"मी बोलत नाही?" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली. "तुम्ही बोलत होतात! तुमची बायको गेली होती. मी काय म्हणायला हवं होतं, आता पुरे?"

"तू काहीच म्हणायला नको होतंस. मला कळायला हवं होतं."

"ते तरी लिहायचं होतंत. की सगळा वेळ मी बोललो."

"हो," तो म्हणाला. "ते लिहायला हवं होतं."

ती दुसऱ्या टेबलावर कॉफी ओतून आली. मग परत त्याच्यापाशी उभी राहिली. "कदाचित तरीही नाहीच म्हटलं असतं त्यांनी."

"असेल. आता कळायचं नाही."

"आपल्याच राज्यातल्या ओरोनोच्या विद्यापीठात मिळालंय मला. तिथे जाईन." तिने कपात कॉफी ओतली. "नकाशा तरी कसा वाटला तुम्हाला?"

आजोबांच्या शेताच्या कडेला रचलेल्या दगडांच्या भिंतीची गोष्ट हार्लनच्या ओठांवर आली होती. त्याने ती गिळली. "तू सांग," तो म्हणाला. "दगड कुठे जास्त निघतात?"

तिने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा तसंच होईल की काय, हे ती बघत असावी. मग भांडं टेबलावर ठेवून बोटाने मेणकापडावर उताराची रेघ काढली आणि सांगायला लागली. आधी तुटक, मग भराभर. बर्फ आधी कुठलं वितळतं, पाणी कुठे साचतं, ते पुन्हा गोठतं तेव्हा काय होतं. आतून मालकिणीने दोनदा हाक मारली, तरी ती थांबली नाही. हार्लन एक शब्दही बोलला नाही. त्याची कॉफी निवून गेली.

नंतर तो गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवायच्या आधी सवयीने थोडा वेळ थांबला, शेजारच्या जागेकडे तोंड करून. आज त्याने एकदाही तोडलं नव्हतं. हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं, आणि त्या पोरीच्या कामाचंही ते आता राहिलं नव्हतं. फिकट पिवळं पाकीट आत टेबलावरच राहिलं होतं. परत जाऊन ते मागायचा धीर त्याला झाला नाही.