गाडीच्या कपाळावरचे तांदूळ

माझ्या थोरल्या मुलीच्या दातांचा, म्हणजे वयात आल्यावर कानशीनं दात सपाट करायचा, विधी झाला त्या वर्षाची ही गोष्ट. त्याला दोन महिने झाले होते आणि न्येपी, आमचा मौनाचा दिवस, दुसऱ्या दिवसावर आली होती. दुसऱ्या पहाटेपासून बाली बेटावर चूल पेटणार नव्हती, दिवा लागणार नव्हता, रस्त्यावर चाक फिरणार नव्हतं.

सकाळी कोबीच्या ट्रकवाल्यानं डोंगरावरून चिठ्ठी आणली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. थोरलीनं वाचून दाखवली. माझी मावशी लुह कर्ती बातूर तळ्याकाठच्या तिच्या घरी अंथरुणाला खिळली होती. तिनं सांगून लिहवलं होतं, ‘रेंतीला आणा. न्येपीनंतर नको, आजच.’ रेंती म्हणजे माझी आई. दोघी बहिणींची सहा वर्षांत गाठ नव्हती.

आई बोचकं मांडीवर घेऊन गाडीत बसलीसुद्धा. मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तेवढाच आवाज. इंजिन फिरायचं नाव नाही.

“बोलतेय तर,” आई म्हणाली, “मग हलत का नाही?”

बॅटरी बसली असणार असं मला वाटलं. शेजारी मासेवाला, त्याच्या टेम्पोची बॅटरी मागून आणली, टोकं घासून लावली. टक.

“तुझी गाडी तोंडदेखलं हो म्हणते,” शेजारी म्हणाला आणि आपली बॅटरी उचलून घेऊन गेला.

ढकलून चालू करावी, तर अंगण रस्त्याच्या खाली, वर उभा चढ, आणि गडीमाणसं सगळी देवळापाशी. संध्याकाळी मिरवायचा बांबू-कागदाचा राक्षस तिथं तयार होत होता. आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. “मी उतरले तर आज जाणं व्हायचं नाही,” एवढंच म्हणाली. मी देवळाकडे पळालो.

गावचा मेकॅनिक गेडे सुआर्दा तिथंच होता. अर्धं तोंड काळं रंगवलेलं, अर्धं तसंच. राक्षसाच्या पुढच्या बांबूला खांदा त्याचाच. मी चिठ्ठीचं सांगितलं. त्यानं रंगवणाऱ्याचा हात बाजूला केला.

“अरे, अर्धाच राक्षस झालायस, कुठं चाललास?” कुणीतरी ओरडलं.

“उरलेला अर्धा पुरेल दादोंग रेंतीला घाबरवायला.” आईला सगळं गाव दादोंग, म्हणजे आजी, म्हणायचं.

आई घाबरली नाही. “तोंड धुऊन ये,” म्हणाली. तो हसला आणि बॉनेट उघडून वाकला.

“ब्ली नेंगाह,” तो मला म्हणाला, ब्ली म्हणजे दादा, “पुढचे दिवे लावा. आता किल्ली.”

टक. दिवे होते तसेच राहिले, जराही मंदावले नाहीत.

“बॅटरी भरलेली आहे. उगाच मासेवाल्याला त्रास दिलात.” त्यानं स्टार्टरवर पान्याच्या दांड्यानं दोनदा ठोकलं. “पुन्हा.” टक. स्टार्टरची जाड तार धरून हलवून पाहिली. ती घट्ट होती. मग एक सुटी तार काढली. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं.

“फिरवा.”

इंजिन एका दमात धडधडायला लागलं. आईनं हात जोडले.

“थांबा, आत्ता नको,” सुआर्दा म्हणाला. “बंद करा. वीज जातेय, पण तिला परतायची वाट नाही.”

इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला तांब्याची एक वेणी जाते. तिच्या इंजिनाकडच्या बोल्टवर त्यानं नख घासलं. हिरवा-पांढरा थर निघाला. त्याखाली तांदळाचे दाणे, काळे पडलेले, बोल्टला चिकटलेले. एक पाकळीही होती.

“इथं जेवायला कोण बसतं हो?”

मी आईकडे पाहिलं. लोखंडाच्या पूजेच्या दिवशी गाडीवर तीर्थ शिंपडायचं काम तिचं. दर दोनशे दहा दिवसांनी, एकदाही न चुकता.

“वेणी जिथं टेकते तिथंच कपाळ असणार,” आई म्हणाली. “आपण माणसांच्या कपाळाला ओले तांदूळ लावतो, गाडीला नकोत?”

“दादोंग, पुढच्या वेळी बॉनेटवर लावा. आतल्या देवाला ओलं सोसत नाही.”

“सोळा वर्षं गाडी चालली ती काय तुझ्या पान्याच्या जिवावर?”

“अर्धी माझ्या, अर्धी तुमच्या तांदळांच्या,” तो म्हणाला आणि बोल्ट सोडवायला लागला. बोल्ट सुटला, पण वेणीचे धागे हातात तुटून आले. आतून पार खाल्लेले होते. दुकानं बंद, आणि ती सुटी तार घाटात टिकणारी नव्हती.

“ढकलून चालू करतो,” मी म्हणालो. “माणसं गोळा करतो.”

“आणि घाटात बंद पडली तर? आईला उतरवून ढकलायला लावाल?” तो त्याच्या घरी गेला आणि स्वतःच्या गाडीची वेणी काढून घेऊन आला. “उद्या माझी तरी कुठं जाणार आहे?”

बोल्टची जागा घासून चकचकीत केली, वेणी आवळली. मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. मी काही बोलायच्या आत तो वळून चढ चढला. देवळापाशी ढोल सुरू झाले होते.

अंधार पडायच्या आत आम्ही तळ्याकाठी पोचलो. दुसरा अख्खा दिवस आम्हांला तिथून हलता येणार नव्हतं, आणि त्यासारखं सुख नव्हतं. आई मावशीच्या चटईवर तिच्या शेजारी आडवी झाली ती दिवसभर उठलीच नाही. दोघी कुजबुजत होत्या. दुपारी हसायला लागल्या, तेव्हा भिंतीपलीकडून गावाचा राखणदार खाकरला.

“आजीबाई, आज मौन आहे.”

“आम्ही मौनातच हसतोय, बापा,” मावशी म्हणाली. पलीकडून तोही हसला असावा, कारण पावलं बराच वेळ हलली नाहीत.

परतल्यावर मी सुआर्दाला नवी वेणी नेऊन दिली. त्यानं ती घेतली, आणि फणसाचे गरे दिले तेही घेतले. आभार मात्र त्यानं कधी पुरे ऐकून घेतले नाहीत. पान्यानं काहीतरी ठोकायला लागायचा. म्हणून इथं लिहून ठेवतो. माझ्या आईला बहिणीजवळ दीड दिवस मिळाला, तो गेडे सुआर्दामुळे.

लुह कर्ती, माझ्या आईची धाकटी बहीण, न्येपीच्या दुसऱ्या दिवशी, चुली पेटल्यावर, दुपारच्या आत वारली.