गोडादऱ्यातला काचमहाल

मी एक जुना काचमहाल आहे. दचकू नका मित्रांनो, महाल हे नाव गल्लीतल्या लोकांनी चिडवायला ठेवलं. सुरतेच्या गोडादऱ्यात एका घराच्या गच्चीवर मी उभा असतो. उभा म्हणण्यापेक्षा टेकलेला, कारण माझा एक कोपरा पहिल्यापासून खचलेला आहे. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढाच माझा पसारा. थंड डोंगरात वाढणारी ऑर्किडची झाडं सुरतेच्या उकाड्यात जगवायची, हे माझं काम. हे काम देताना मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हात जोडले असते.

मला बांधलं निंबाआप्पांनी. आप्पा मूळचे खानदेशातले. सारं आयुष्य सुरतेला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात गेलं. यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले आणि वय झालं म्हणून कामही गेलं. घरी बसून त्यांना करमेना. त्यांची मुलगी उज्ज्वला लग्नाचे मंडप सजवणाऱ्यांकडे नोकरीला होती. इथल्या बड्या लग्नांत दूरच्या थंड डोंगरांतून ऑर्किडच्या कुंड्या मागवतात आणि वरात गेली की त्या कचऱ्यात जातात. एके दिवशी तिनं त्यातल्या काही कुंड्या घरी आणल्या. फुलं वाळून गेली होती, पण पानं हिरवी होती. आप्पांनी त्या कुंड्या मांडीवर घेतल्या आणि माझं नशीब ठरलं.

भंगारात निघालेल्या लूमच्या लोखंडी पट्ट्यांनी माझा सांगाडा झाला. एका दुकानाच्या फुटक्या शोकेसच्या काचा मला लागल्या, आणि काच कमी पडली तिथे जाड प्लास्टिक. लोखंड एकदा राबून दमलेलंच होतं. त्यामुळे मी जन्मलो तोच थकलेला.

आप्पांना एकच शिकवण होती, खात्याची. खात्यात वारा आत येऊ द्यायचा नाही आणि हवा ओली ठेवायची, नाहीतर धागा तुटतो. त्यांनी मलाही तसंच केलं. फट दिसली की चिंधी कोंबली, चिंधी मावेना तिथे पुट्टी भरली आणि आत पाण्याचे फवारे मारले. झाडं बिचारी धागा नव्हती. त्यांचे बुडखे काळे पडले आणि सडू लागले. आत इतका कुबट वास यायचा की माझी मलाच शिसारी आली.

उज्ज्वलानं दार उघडलं आणि ती ओरडलीच, "पप्पा, असं पॅक नाही करायचं! एने हवा जोईए, हवा!"

झाडांना हवा लागते, हे आप्पांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी मला खोललं, आणि तेव्हापासून माझी सुधारणा सुरू झाली. सुधारणा हा शब्द ऐकला की माझे बोल्ट अजून दुखतात. छपराला खिडकी पाडली. दोन महिन्यांनी ती बुजवून दुसरीकडे पाडली. वर हिरवी जाळी टाकली, खाली विटा अंथरून त्या ओल्या ठेवल्या. गरम हवा बाहेर फेकायला एका भिंतीत पंखा बसवला. घरातला एकुलता एक कूलरही गच्चीवर आणला आणि माझ्या दुसऱ्या भिंतीला लावला. आप्पा दर वेळी मागे सरून बघायचे आणि म्हणायचे, "आते जमनं!" आठवडाभरात पान्हा घेऊन पुन्हा हजर.

आता सुभद्राबाईंबद्दल सांगतो. त्या आप्पांच्या पत्नी. माझ्या शेजारीच गच्चीवर पत्र्याची खोली आहे. सुभद्राबाई दिवसभर तिथे बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या आणि स्वयंपाकही तिथेच करायच्या. कूलर आधी त्यांच्याच खिडकीत होता. तो माझ्याकडे आला. माझ्या पोटातली गरम हवा फेकणारा पंखा नेमका त्यांच्या खिडकीसमोर फिरू लागला. नळ खाली होता, म्हणून माझ्यासाठीचं पाणी हंड्यानं वर यायचं. आप्पांचे गुडघे धरायचे. मग हंडा कुणाच्या कमरेवर असायचा, हे तुम्ही ओळखलं असेलच.

उन्हाळ्यात कूलर पुरेना, तेव्हा बर्फाच्या बाटल्या सुरू झाल्या. बाईंच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि माझ्या कुंड्यांच्या अधेमधे ठेवायच्या. त्या वितळल्या की परत न्यायच्या. फ्रिजमध्ये भाजीला जागा उरली नाही. भिजवलेली कणीक बाहेर आंबायची.

सुभद्राबाई कपाळाचा घाम पुसत एकदा म्हणाल्या, "तुमना झाडले गरम व्हस, आनि माले काय थंडी वाजस का?"

आप्पांना अर्धंच ऐकू गेलं. ते हसून म्हणाले, "हा, थंडीच पाहिजे त्यास्ले."

बाईंनी बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या.

मग एका हिवाळ्याच्या शेवटी फूल आलं. खरंच आलं. पिवळसर हिरव्या पाकळ्या, मध्ये लालसर ठिपके, एका दांडीवर ओळीनं. सगळी गल्ली गच्चीवर लोटली. कुणी फोटो काढले, कुणी आप्पांची पाठ थोपटली. आप्पा मोठमोठ्यानं सगळ्यांना माझी खिडकी, माझा पंखा, माझ्या विटा दाखवत होते. मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. आयुष्यात एकदा तरी कुणी आपल्याला महाल म्हणावं आणि हसू नये. सुभद्राबाई पाहुण्यांचा चहा करत होत्या. त्यांनी फूल पाहिलं ते सगळे गेल्यावर, दाराबाहेरूनच, कारण हातात कपबशा होत्या.

त्यानंतरचा मे महिना फार वाईट आला. पत्रा असा तापायचा की त्यावर बसलेलं कबूतर लगेच उडून जायचं. सुभद्राबाईंच्या खेपा वाढल्या. त्यांचं पाऊल मला ओळखू येतं. त्या दिवसांत ते अडखळायला लागलं होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्या हंडा टेकवून उभ्या राहायच्या. मला सारं दिसायचं, पण लोखंडाला बोलता येत नाही.

एका दुपारी आप्पा माझ्या आत पानं पुसत बसले होते. कूलरची घरघर चालली होती. शेजारच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. मी ऐकलं, आप्पांनी ऐकलं नाही. नव्या बाटल्या का आल्या नाहीत हे बघायला ते उठले, तेव्हा सुभद्राबाई फ्रिजच्या पायाशी पडलेल्या होत्या. हातात माझ्यासाठी भरलेली बाटली तशीच होती.

"सुभद्रा! डोया उघाड वं!"

अंग भट्टीसारखं तापलं होतं. आप्पांनी फ्रिज उघडला. सगळ्या बाटल्या नुकत्याच भरलेल्या, कोमट. घरातला सगळा बर्फ माझ्या पोटात होता.

ते माझ्याकडे धावत आले. त्या गुडघ्यांनी माणूस धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी एकामागून एक कुंड्या उचलल्या आणि भर उन्हात गच्चीवर फेकल्या. फूल दिलेली कुंडीही फुटली. मग बाईंना काखेत धरून ओढत माझ्या आत आणलं आणि ओल्या विटांवर निजवलं. गळ्याशी, काखेत बाटल्या लावल्या, पदर भिजवला आणि कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला. शेजारचे लोक जमले, कुणीतरी डॉक्टरांकडे पळालं. मी माझी प्रत्येक फट धरून बसलो होतो. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम समजलं, आणि मी ते जीव लावून केलं.

बऱ्याच वेळानं सुभद्राबाईंनी डोळे उघडले. त्यांनी हिरव्या जाळीकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं, ओल्या विटांवरून हात फिरवला.

"आठे इतलं थंड रहास?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी कधी आत बठनीच नही."

आप्पांना या वेळी सगळं ऐकू गेलं. ते विटांवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. बाई वाचल्या, पण त्यानंतर जिना चढताना त्या भिंतीला हात लावूनच चढतात. दुसऱ्या दिवशी आप्पा पान्हा घेऊन आले आणि त्यांनी मला शेवटचं खोललं. कूलर बाईंच्या खिडकीत गेला, जाळी पत्र्यावर गेली आणि पंखा आता त्यांच्या खोलीतली गरम हवा बाहेर फेकतो. हंडाही आप्पाच आणतात, अर्धा भरून, दमत दमत. माझा नुसता सांगाडा उरला आहे. झाडं उन्हात करपली. त्यांचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मला आता तेल द्या, रंग द्या, असं काही मी मागत नाही. मी थकलो आहे, गंजू द्या मला. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी हौसेनं काहीतरी जपत असेल, एखादं झाड, एखादी गाडी, एखादं यंत्र. त्याचं कौतुक जरूर करा. फक्त त्याच्यासाठी पाणी कोण वाहून आणतं, तेवढं एकदा वळून बघा. आणि त्या माणसाच्या कमरेवरचा हंडा उतरवून घेऊन त्याला आधी सावलीत बसवा.