देवाच्या जागी

"ओळखलं का मला?"

रोज सकाळी चहाचा कप पुढे करता करता ती हे विचारायची. वडील कप घ्यायचे, तिच्याकडे नीट निरखून बघायचे आणि परक्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखे अदबीने म्हणायचे, "पाहिल्यासारखं वाटतंय खरं. आपण इथल्याच का?"

ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर आल्याशिवाय पोराला खाली बसू द्यायचं नाही, ही अंगात मुरलेली सवय. वडिलांनाही ती सुटू देत नसे. "नीट बघा. आठवा जरा." मग म्हाताऱ्याचा चेहरा गोरामोरा व्हायचा, कपातला चहा तसाच निवायचा. हा छळ आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. आपला बाप आहे आणि आपण त्याला रोज सकाळी नापास करतो, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण एकदा, मरायच्या आधी एकदा, त्यांनी आपल्याला ओळखावं, एवढीच तिची मागणी उरली होती. ती सोडायला ती तयार नव्हती.

वडिलांना सिनेमातले सगळे लोक 'बुवा' म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी संतांच्या भूमिकांशिवाय दुसरं फारसं काही केलं नाही. कधी तरुण संत, कधी म्हातारा, कधी आंधळा, कधी गावाने हाकलून दिलेला. दाढी बदलायची, घोंगडी बदलायची, शेवट मात्र ठरलेला. देव भेटायचा. आणि हा देव पडद्यावर कधी दिसायचा नाही. बुवांचे पहिले दिग्दर्शक म्हणायचे, "देव दाखवला की लोक त्याचा मुकुट बघत बसतात. देव बघणाऱ्याचं तोंड दाखवा. लोक आपापला देव तिथे घालून घेतात." तेव्हा दिसायचे ते बुवांचे डोळे. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जरा वर, कुठेतरी लागलेले. ते बघून थिएटरात बायका पदराने डोळे पुसत आणि एरवी देवाला न मानणारे पुरुष घसा खाकरत.

लहानपणी ती हे आईच्या मांडीवर बसून बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. बाबा घरी असत कमी. असले की झोपलेले, नाहीतर पुढच्या पिक्चरचे संवाद घोकत बसलेले. तिने दाखवलेली चित्रं ते "वा वा" म्हणून बघायचे, पण डोळे भलतीकडेच. एकदा थिएटरातून येताना तिने आईला विचारलं, "बाबा माझ्याकडे असं का बघत नाहीत?"

"तू काय देव आहेस?" आई म्हणाली. आईने गंमत केली होती. पोरीने मात्र त्या दिवसापासून देवाला पाण्यात पाहायला सुरुवात केली, ती आजतागायत.

शेवटचा पिक्चर जवळजवळ पूर्ण झाला आणि बुवांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग संवाद, मग घराचा रस्ता. बायको गेली हेही ते विसरले, आणि ते एक बरंच झालं. शेवटी लेकीची पाळी आली. पिक्चरमधला एकच तुकडा राहिला होता, तोच नेहमीचा. संत गाभाऱ्यापाशी येतो, वर बघतो, देव भेटतो. दिग्दर्शक तरुण होता, सभ्य होता, महिनोन् महिने वाट बघत थांबला होता. शेवटी तो घरी आला आणि चाचरत म्हणाला, "ताई, चेहरा दुसऱ्या कुणाचा लावता येत नाही हो."

तिने हो म्हटलं. पिक्चरसाठी नव्हे. डॉक्टर म्हणाले होते की जुन्या जागी नेलं तर कधी कधी आठवणी वर येतात. ती त्या एका वाक्याला धरून बसली होती.

स्टुडिओत प्लायवूडचं देऊळ उभं होतं. खांब थर्माकोलचे, त्यांना ओल्या रंगाचा वास. गाभाऱ्यात मूर्तीच नव्हती, कारण तिकडे कॅमेरा ठेवायचा होता. बुवांनी एका खांबावर टिचकी मारली, पोकळ आवाज आला, आणि किती दिवसांनी ते हसले. रंगभूषाकाराने दाढी चिकटवायला घेतली तशी त्यांनी आपण होऊन हनुवटी वर केली, डोळे मिटले. दिवे लागले आणि पाठीचा कणा ताठ झाला. तिचा जीव टांगणीला लागला. सगळं येतंय परत, तिला वाटलं. आता माझ्यापर्यंत येईल.

ती पुढे झाली. "बाबा, ओळखलं का मला?"

बुवांनी तिच्याकडे बघितलं. "कपड्यांचं तुम्ही बघता का? ही घोंगडी टोचते हो फार."

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बाजूच्या स्टुलावर एक उंच, वाळका माणूस चढला. हा लंबू. जन्मभर दिवे उचलणारा कामगार. पण उंचीमुळे त्याच्याकडे आणखी एक काम आलेलं. नटाची नजर नेमकी कुठे लागावी, हे कळायला त्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. लंबू तळहाताला हिरव्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि हात वर करून उभा राहायचा. संत त्या पट्टीकडे बघायचे. स्टुडिओत त्याला सगळे 'देव' म्हणत. "देवाला बोलवा रे," "देव बिडी ओढायला गेलाय," असं चालायचं.

बुवांची नजर त्याच्यावर गेली आणि चेहरा उजळला. "आलास का?" ते म्हणाले. "कुठे होतास इतके दिवस?"

"इथेच होतो, बुवा," लंबू म्हणाला.

रात्र रात्र ज्याच्या उशाशी बसायचं त्याने आपल्याला कपडेवाली ठरवावं, आणि एका दिवेवाल्याला ओळख द्यावी! ती तडक देवळाच्या पाठीमागे गेली. तिथे उघडं प्लायवूड होतं, खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. त्याला टेकून ती रडली, मोठ्या माणसाने रडावं तशी नव्हे, अगदी शाळकरी पोरीसारखी.

पुढून आवाज येत होते. बुवांना लांबलचक संवाद होता, "हे विश्वाच्या पालका" वगैरे. एक साहाय्यक तो तुकड्या-तुकड्याने सांगत होता. दोन शब्द म्हटले की बुवा थांबायचे. नजर पट्टीवरून सुटून दिव्यांवर जायची. "पुन्हा घेऊ," दिग्दर्शक म्हणायचा. आवाजावरून कळत होतं, तो देव पाण्यात घालून बसला होता.

थोड्या वेळाने लंबू मागे आला. तिला बघून तो ओशाळला, जायला वळला, मग थांबला.

"ताई, त्यांनी मला नाही ओळखलं," तो म्हणाला. "माझं नावसुद्धा त्यांना कधी ठाऊक नव्हतं. बाहेर भेटलो तर माझ्या अंगावरून जायचे. त्यांना ती जागा ओळखीची आहे. त्या जागी कुणीतरी असतं, एवढंच."

तिने तोंड पुसलं आणि ती त्याच्याकडे वळली.

"इतकी वर्षं हे माझ्याकडे बघतात. बघताना डोळ्यांत काय काय असतं, तुम्हाला काय सांगू. मी घरी जाऊन जेवायचो नाही काही वेळा. ते माझं नव्हतंच ना, मी कुठे ठेवणार?" त्याने तळहातावरची पट्टी सोलून काढली आणि तिच्यापुढे धरली. "आज तुम्ही उभ्या राहा."

दिग्दर्शकाने आधी नकाराची मान हलवली, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो बाजूला झाला. स्टुलाखाली एक खोकं लावून लंबूने तिला वर चढवलं आणि हळूच सांगितलं, "हलायचं नाही. रडायचं नाही. आणि काही झालं तरी बोलायचं नाही. देव बोलत नाही."

तिने हात वर केला. समोर दिव्यांच्या उजेडात घोंगडी पांघरलेला म्हातारा पायरी पायरी वर येत होता. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि त्याने वर बघितलं. नजर आधी हिरव्या पट्टीवर लागली. मग पट्टीवरून घसरली, मनगटावरून खाली आली आणि तिच्या तोंडावर थांबली.

असं तिच्याकडे कुणी कधीच बघितलं नव्हतं. लहानपणी अंधारात बसून जी नजर तिने चोरून बघितली होती, जिच्यापायी देवाशी उभा दावा मांडला होता, ती आता सगळीच्या सगळी तिच्यावर होती. त्यात बापाची ओळख नव्हती. पण माया होती, आणि इतकी होती की स्टुलावरून उतरून त्यांच्याजवळ जावंसं तिला वाटलं. ती हलली नाही.

साहाय्यकाने कुजबुजून संवाद सांगितला. बुवांच्या कानी तो गेला नसावा. त्यांचे ओठ हलले, थांबले. मग अगदी साध्या, घरातल्या आवाजात त्यांनी विचारलं,

"ओळखलंस का मला?"

हे कुठल्या कागदावर नव्हतं. साहाय्यक पानं चाळायला लागला. तिला मात्र कळलं हे कुठून आलंय. रोज सकाळी चहाबरोबर तिनेच हे त्यांना पाजलं होतं. बाकी सगळं गळून गेलं आणि नेमका तिचा प्रश्न तेवढा आत शिल्लक राहिला.

ती गप्प उभी राहिली. देव बोलत नाही.

बुवा थांबले. वाट बघू लागले. "ओळखलंस का रे?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्यांचा चेहरा गोरामोरा व्हायला लागला. ओठ किंचित लोंबले, नजर खाली जाऊ लागली. हा चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. उत्तर न येणाऱ्या पोराचा. फरक एवढाच, की आज उत्तर तिला येत होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "ओळखलं."

बुवांनी आयुष्यभर ह्या जागेकडे बघून विनवण्या केल्या होत्या. इकडून एकदाही कुणी उत्तर दिलं नव्हतं. आधी ते दचकले. मग डोळे मोठे झाले, भरले, आणि सगळा चेहरा सैल पडला, दिवसभर जत्रेत चुकलेल्या पोराचा सापडल्यावर पडतो तसा. त्यांनी हात जोडले नाहीत. नुसते हसले आणि शेवटच्या पायरीवर खाली बसले.

थांबा म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलंच नाही. लंबूने दिव्याआड तोंड फिरवलं.

पुढे आवाजाचं काम चाललं तेव्हा तिला बोलावलं. "तुमचे शब्द आलेत मध्ये," ध्वनीवाला म्हणाला. "ठेवायचे का? छान वाटतात."

"काढून टाका," ती म्हणाली.

त्याने ते काढले. आता पडद्यावर बुवा कुणाला तरी विचारतात, आणि कुणीच काही बोलत नाही. तरी त्यांच्या चेहऱ्यावरून बघणाऱ्याला कळतं की उत्तर आलं.

पण हे सगळं पुढचं. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती चहा घेऊन खोलीत गेली. बुवा पलंगाच्या कडेला बसले होते, गालावर दाढीचा डिंक अजून थोडा राहिलेला. तिने कप हातात दिला. तोंडाशी आलेला प्रश्न तिने गिळला आणि शेजारी बसली. बुवांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग घाबरत घाबरत, परीक्षेला बसल्यासारखं, विचारलं, "तुम्ही ओळखता का मला?"

"हो, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि गरम गरम चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.