स्पर्शदादांचं मखमली कापड

स्पर्शदादांच्या दुकानासमोर सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. काखेत लॅपटॉप घेऊन माणसं ताटकळत उभी होती. दादा यंत्रावर तळहात ठेवत, डोळे मिटत, आणि ग्राफिक्सची मेमरी दोन जीबीची दहा होई. ना स्क्रू काढणं, ना नवा भाग बसवणं, सगळा हातगुण.

समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ताई रिकाम्या खुर्च्या पुसत होती. आपल्या पोटात का दुखतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं गेली ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण आज त्या रांगेत तिची सख्खी धाकटी बहीण होती. पेन्सिलीला टोक काढायलाही ताईकडेच येणारी ही पोर आता इमारतींचे आराखडे करायची. तिच्या पहिल्या स्वतंत्र कामाचा, एका दवाखान्याचा, त्रिमितीय आराखडा दुपारी दवाखान्याच्या मालकांना पडद्यावर फिरवून दाखवायचा होता, आणि तो अडकत होता. त्यातली भिंती-फरश्यांवर चढवलेली चित्रं हलकी कर, असं ताईने सांगितलं होतं. पण त्यापेक्षा हात फिरवून घेणं सोपं होतं.

ताईला राहवेना. ती थेट गर्दीत घुसली.

दादा रंगात आले होते. यंत्रालाही प्राण असतो, आपण फक्त त्याची निजलेली ताकद उठवतो, असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी बहिणीच्या लॅपटॉपवर मखमली कापड टाकलं. फटीतून एकच ओळ दिसत होती: दोन जीबी. तळहात टेकला, पुटपुटणं झालं, कापड जरासं सरकलं. आता ओळ होती दहा जीबीची. लोकांनी हात जोडले.

"हेच कापड काढून करा," ताई म्हणाली.

झाकल्याशिवाय शक्ती उतरत नाही, असं दादा गोड हसून म्हणाले. समोर माशा मारत बसणाऱ्यांची तळमळ आपण समजू शकतो, असंही वर म्हणाले. लोक हसले. बहीण ओशाळली.

"ताई, तू जळतेस."

"जळते. तू यांच्याकडे आलीस म्हणून तर जास्तच जळते. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. कापड काढ आणि वाच."

बहीण घुटमळली. मग तिने कापड ओढलं. खाली तीन ओळी होत्या: एकूण दहा, स्वतःची दोन, सामायिक आठ. मागच्या एकाने हात न लागलेला आपला लॅपटॉप उघडला, तर तिथेही तशाच तीन ओळी.

ताईने समजावलं. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी त्याच्या शेजारीच असते, म्हणून ती झपाट्याने चालते. ती भरली की कॉम्प्युटर मुख्य मेमरीतली जागा उसनी देतो. ही मुख्य मेमरी सगळ्याच कामांना लागते, शिवाय लांब पडते, म्हणून चित्र रेंगाळतं. आठ ही त्या उसनवारीची मर्यादा, ती पहिल्यापासूनच होती. दादांनी आधी दुसरी ओळ दाखवली, मग पहिली.

बहिणीने आराखडा फिरवून पाहिला. इमारत पूर्वीसारखीच मध्ये अडकली.

मग दोघी ताईच्या गाळ्यात बसल्या. चित्रं दोन जीबीत मावतील इतकी हलकी केली आणि दवाखाना सरसर फिरला. पुढच्या वेळी आधी तुझ्याकडेच येईन, असं बहीण म्हणाली. ताईला ते हवंच होतं, तरी तिने नकारार्थी मान हलवली.

"आधी स्वतः उघडून बघ. मग ये."

मंडळी, ताई जळत होती आणि तरी खरं बोलत होती. दादा गोड होते आणि फसवत होते. सांगणारा कसा आहे ते राहू द्या. जो उघडून बघू देत नाही, त्याच्यापुढे हात जोडू नका.