कोऱ्या भिंतीवरचं वाचन

वेळ सकाळी साडेदहाची. ठिकाण बस आगारातली वैद्यकीय तपासणीची खोली. भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला खिळ्यावरून उतरवून कपाटाशेजारी टेकवलं होतं. मी डोळे तपासायचा तक्ता. माझ्या माथ्यावर थोरला 'क', त्याखाली लहान लहान होत गेलेल्या ओळी. तळाला 'घ ध थ य भ म', मुद्दाम निवडलेली, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं.

खुर्चीत हॉर्नमामा होते. हे नाव त्यांना बाकीच्या चालकांनी दिलेलं, कारण डोळ्यांचं काम ते अलीकडे हॉर्नवर भागवत. मामांनी एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या ओल्या, कोऱ्या भिंतीकडे बघत मला वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. एकही अक्षर चुकलं नाही.

"उत्तम!" मोबाइलमधून मान वर न काढता डॉक्टरांनी दाखल्यावर शिक्का मारला.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे माझं एकेक अक्षर पट्टी लावून मोजलं होतं. वाटलं होतं, लोकांच्या नजरेची राखण करू. पण इथे वर्षानुवर्षं तीच भिंत आणि तीच अक्षरं. चालकांनी मला बघायचं सोडून पाठच करून टाकलं. जुने लोक नव्यांना चहा पिता पिता माझी शेवटची ओळ घोकायला लावत. माझा अपमान मी गिळलाही असता. पण या नजरांच्या भरवशावर मागे बसभर माणसं बसतात, त्यांचं काय?

तेवढ्यात दारातून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, तक्ता कुठाय?"

मामी होत्या. मामांच्या तपासणीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून पाठोपाठ आल्या होत्या. डॉक्टरांनी प्रथमच भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा भिंतीइतकाच कोरा झाला.

मामींनी मला उचललं आणि उलटं धरलं. माझ्या अंगात रक्त नाही हे बरं, नाहीतर सगळं डोक्यात उतरलं असतं.

"वाचा आता."

"क," मामांनी खणखणीत सुरुवात केली.

"अहो, डोक्यावर उभा केलाय मी त्याला!"

"मग आधी सांगायचंस ना. उलटं म्हणून दाखवलं असतं."

डॉक्टर हसले. मामी नाही हसल्या. "हसताय काय? कंडक्टरनं सांगितलं मला. परवा यांनी टपालपेटीसमोर बस थांबवली आणि तिला म्हणाले, 'आजी, चढा लवकर!'"

"लाल साडी दिसली मला," मामा पुटपुटले.

"आणि उद्या रस्त्यात खरीच आजी असली आणि दिसलीच नाही तर?"

मग मामांचा आवाज एकदम खाली आला. "मोतीबिंदू निघाला तर गाडी काढून घेतील गं. गाडीशिवाय मला येतं काय?"

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले. "मोतीबिंदूच आहे. पण ऑपरेशन होतं, मामा. नजर नीट आली तर गाडीही परत मिळेल. लपवून काय मिळत होतं तुम्हाला?"

"तुमचा शिक्का," मामी म्हणाल्या.

डॉक्टरांनी दाखला फाडला.

ऑपरेशनं झाली. तोवर माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली होती. मामा मुद्दाम तिथे आले आणि बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. "च्यायला, या 'ध'वर माशीची घाण आहे की!" इतक्या वर्षांत मला कुणी खरोखर वाचलं ते त्या दिवशी.

तेव्हा माझं ऐका. दिव्यांभोवती कडं दिसू लागलं, पाटी अगदी जवळ आल्यावरच कळू लागली, तर धुक्याला आणि समोरच्या गाडीला शिव्या घालू नका. डोळे दाखवा. वर्षातून एकदा तरी, खरेखुरे. आणि तपासणाऱ्यांनो, आधी भिंतीकडे बघत चला.

आगारानं नवा तक्ता मागवला. अक्षरं वेगळी, पुडकं सीलबंद. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर ते फोडून तक्ता खिळ्यावर चढवला. माझ्या खोलीची भिंत कॅन्टीनला लागून आहे. नव्या तक्त्याची शेवटची ओळ तिथे आदल्या शनिवारी दुपारीच घोकली जात होती. ती बाहेर कुणी आणली, हे आगारात अजून कुणी सांगितलेलं नाही.